कुरकुरीत केळ्यांचा पारा

हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता.

परदेशचे बाजार नुकते खुले झाले होते आणि जैनाबादच्या माझ्या मामांची केळी पहिल्यांदाच दुबईला जाणार होती. तिकडच्या व्यापाऱ्याची अट एकच, केळ्यात पारा नाही असा कागद दाखवा. कागद देणारी प्रयोगशाळा बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात, आणि तिथं नमुने तयार करणारा मी. नोकरी तीन आठवड्यांची.

प्रयोगशाळेचे प्रमुख जोशी सरांनी बजावलं होतं, "चकत्या कोमट ओव्हनमध्येच वाळवायच्या. आठवडा लागला तरी चालेल. जास्त तापवल्या की पारा वाफ होऊन उडून जातो."

आता तुम्हीच सांगा, बुऱ्हाणपूरच्या माणसाला लिबलिबीत चकती बघवते का? आमच्याकडे वेफर कटकन मोडला नाही, तर पाहुणे गावभर सांगत फिरतात. तीन दिवस झाले, चकत्या चिवटच. चौथ्या दिवशी मी बटण पार टोकापर्यंत फिरवलं. दुपारपर्यंत अशा कुरकुरीत झाल्या की वरून तिखटमीठ भुरभुरावंसं वाटलं. मी स्वतःवर फार खूश होतो.

तपासणी झाली. सगळ्या नमुन्यांत पारा शून्य.

मामा मावा जलेबी घेऊनच आले. "भाचे, एकदम झिरो? सच्ची?"

"कणभर नाही, मामा."

"मी आक्काला बोललोच होतो, पोरगा होशियार आहे."

जोशी सरांनी जलेबी उचलली, कागदावर नजर टाकली आणि जलेबी परत ठेवली.

"सातव्या नमुन्यातही शून्य?"

"हो सर, त्यातही."

"त्यात मी स्वतः पारा घातला होता. नमुने नीट तयार होतात का, ते कळावं म्हणून."

मामांचा घास तोंडातच राहिला. "मग तो गेला कुठं?"

सरांनी ओव्हनकडे पाहिलं, मग त्याला चिकटून ठेवलेल्या स्टुलाकडे. "इथं दुपारभर कोण बसलं होतं?"

"मीच, सर. वास इतका छान येत होता."

केळी पुन्हा मागवली, कोमट वाळवली, तपासली. एकदम स्वच्छ निघाली. त्याच आठवड्यात सरांनी आणखी एक बाटली तपासायला लावली. तिच्यात मात्र पारा सापडला, आणि त्या लघवीच्या बाटलीवर माझं नाव होतं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्याइतका नाही.

मामांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून वाचले.

"वा," ते म्हणाले, "केळी एक्सपोर्ट, भाचा रिजेक्ट."