अंगठीसमोर ताठ मावशी

आमच्या चर्चमध्ये बिशप आले की मिस्साची प्रार्थना संपल्यावर रांग लागते. एकेकाने पुढे व्हायचं, वाकायचं आणि त्यांच्या अंगठीचं चुंबन घ्यायचं. या रविवारी रोझीमावशीने बिशपांचा हात धरला आणि ती वाकलीच नाही. अहाहा, काय तो ताठ कणा! नाटकाचा पडदा वर जावा तशा सगळ्या चर्चच्या नजरा तिच्यावर खिळल्या.

वर्षापूर्वी तिच्या भाचीने आधीच्या फादरांविरुद्ध बिशपांकडे अत्याचाराची तक्रार केली होती. चौकशीचं आश्वासन मिळालं, पण फादरांची नुसती बदली झाली.

"चौकशीचं काय झालं, बिशप?"

"मावशी, उद्या बंगल्यावर या, निवांत बोलू."

"निवांतच वर्ष गेलं. इथे सांगा, सगळ्यांदेखत."

"मावशी, रांग अडलीय!" मागून कोणीतरी ओरडलं.

"अडू दे. आमची पोरगी घराबाहेर पडत नाही, तिचं काय?"

वाकलेल्या माणसाला समोरचा चेहरा दिसत नाही. मावशीला मात्र दिसत होता, आणि त्यावर घाम होता.

"पोलिसांकडे तिच्यासोबत मी स्वतः येतो," बिशप हळूच म्हणाले.

"मोठ्याने."

बिशपांनी घसा खाकरला आणि माइक मागवला. हात अजून मावशीच्याच मुठीत होता.