आधी संपवणाऱ्याचा चहा

डिसेंबरातला पहिला रविवार, चार चहांचे चाळीस रुपये आणि हजर चौघं: हिचे मामा, शिरसाठ बाई, पानिपतचे अरोराजी आणि मी. हिशेब खात्यात नोकरी करणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट अशीच सुरू करता येते, त्याला इलाज नाही. पण ते चाळीस रुपये कुणी दिले हे कळायला आधी मामा कळायला हवेत, आणि मामांबद्दल एकाच वाक्यात सांगायचं तर अख्ख्या दिल्लीत, नोएडा-गुडगाव धरून, त्यांच्याइतका घाईचा माणूस दुसरा नाही. हे मी नात्यातला माणूस म्हणून नाही, पडताळून सांगतो आहे.

लग्नाला मामा मांडव उभा राहण्याआधी पोचतात. अक्षता ‘शुभ’ या शब्दावरच टाकतात आणि ‘सावधान’ होईपर्यंत जेवणाच्या रांगेत दिसतात. मामी सांगतात, “आमच्या लग्नात सप्तपदी यांनी पाच पावलांत उरकली. उरलेली दोन मी एकटीच चालले.” निजामुद्दीन स्टेशनवर ते एवढे आधी जातात, की एकदा फलाटावर आधीचीच गाडी उभी होती. तिच्यात सामान चढवून त्यांनी आपल्या जागांवर बसलेल्या एका कुटुंबाला उठवलं, वर दोन शब्द सुनावले. ती गाडी उलट दिशेला जाणारी होती. नोकरीत असताना त्यांच्या टेबलावर फाइल कधी रात्रभर राहिली नाही. ती पुढच्या टेबलावर जायची आणि तिथे कुणीच तयार नसल्यामुळे परत यायची. सरकारी नोकरीत हा स्वभाव घेऊन त्यांनी पस्तीस वर्षं कशी काढली असतील, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. एवढं खरं, की निरोपसमारंभात हार गळ्यात पडण्याआधीच त्यांचं आभाराचं भाषण झालं होतं.

दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं हे तर त्यांना वेळेचा अपव्यय वाटतं. मी एकदा मयूर विहारला त्यांच्याकडे पाना मागायला गेलो. “मामा, तुमच्याकडे जरा...” म्हणेपर्यंत “छत्री? ही घ्या, जावईबापू.” ऊन रखरखत होतं. मी छत्री घेऊन घरी आलो.

टिन व्हिसल त्यांच्या आयुष्यात आली तीही घाईमुळेच. निवृत्तीच्या आदल्या वर्षी खात्याने त्यांना आठवडाभरासाठी आयर्लंडला पाठवलं होतं. परतताना ते विमानतळावर पाच तास आधी पोचले. काउंटरही उघडलेलं नव्हतं. करायचं काय, म्हणून त्यांनी दुकानातून वीतभर लांबीची, सहा भोकांची एक पत्र्याची नळी घेतली. तोंडाशी प्लास्टिकची हिरवी चोच आणि सोबत शिकण्याची चोपडी. आपल्या बासरीसारखी ओठांची कसरत लागत नाही, नुसतं चोचीत फुंकलं की ती बोलते, हे कळल्यावर मामांना आपलं वाद्य सापडलं. काउंटर उघडलं तेव्हा ते सातव्या पानावर होते. सातव्या पानावर एक छान उड्या मारत जाणारी आयरिश चाल आहे, तिला आम्ही आजही ‘सात नंबर’ म्हणतो. मधली पाच पानं मामांनी आजतागायत वाचलेली नाहीत.

या वादनाला जोडीदार हवेत असं त्यांनी ठरवलं आणि पहिला बळी घरचाच घेतला. लक्ष्मीबाई नगरात आमच्या क्वार्टरमध्ये बसून त्यांनी सात नंबर लागोपाठ चारदा वाजवला. मी म्हणालो, “मामा, मला हे आता...”

“शिकायचंय? वा! मला वाटलंच होतं.”

मला ‘ऐकवत नाही’ म्हणायचं होतं. पुढच्या आठवड्यात माझी व्हिसल आली.

शिरसाठ बाई आमच्या मागच्या ब्लॉकमध्ये राहतात. मूळच्या नगरच्या, इथे शाळेत शिकवतात आणि रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गातात. आमच्यात संगीत येणारी व्यक्ती ही एकच. आमचे सूर खिडकीतून ऐकवेनात, म्हणून त्या ते सुधारायला आल्या आणि राहिल्या. अरोराजींचं पानिपतला ब्लँकेटचं दुकान आहे. मामा मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, थंडीची खरेदी उरकायला तिकडे गेले होते. मे महिन्यात आलेलं एकुलतं एक गिऱ्हाईक म्हणून अरोराजींनी त्यांना लस्सी पाजली, मामांनी उलट सात नंबर ऐकवला. तेव्हापासून अरोराजी दर रविवारी दुपारच्या गाडीने दिल्लीला येतात. घरी त्यांनी दिल्लीत होलसेलवाल्यांची मीटिंग असते असं सांगितलं आहे.

आम्ही जमतो आमच्या ब्लॉकपुढच्या पार्कात, कडुनिंबाखाली. तिथे भोलाची चहाची टपरी आहे. पत्र्याची व्हिसल थंडीत बेसूर होते, सूर खाली उतरतो. त्यामुळे दिल्लीच्या जानेवारीत मामा आपली व्हिसल स्वेटर आणि बनियन यांच्यामध्ये ठेवून येतात आणि ती बाहेर काढताना शेजारच्या बाकावरच्या बायका उठून जातात. अरोराजींनी एकदा भोलाच्या किटलीवर व्हिसल टेकवून शॉर्टकट घेतला. चोच वितळून डावीकडे वळली. तीच व्हिसल ते अजून वाजवतात, मान तिरकी करून. वाजवताना चोचीत थुंकी साठून आवाज बसतो, त्यावर आत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब सोडावा असा उपाय आहे. मामांनी वेळ वाचावा म्हणून अर्धी वाटी ओतली. त्या दिवशी पहिल्या सुराबरोबर असे फुगे निघाले, की पार्कातली सगळी मुलं गोळा झाली. आमच्या इतिहासात श्रोते आपणहून जमल्याची नोंद तेवढीच.

पण खरा प्रश्न वेगाचा होता. शिरसाठ बाईंच्या मते सात नंबर तीन मिनिटांचा आहे. मामा तो दोन मिनिटांच्या आत संपवत आणि आमच्याकडे अशा नजरेने बघत, जसं लोक वेटिंग रूममधून फलाटाकडे बघतात. शेवटी बाई म्हणाल्या, “मामासाहेब, एक नियम करू. जो सगळ्यांच्या आधी संपवेल...”

“त्याने चहा पाजायचा. मंजूर,” मामा म्हणाले. आयुष्यात हे एकच वाक्य त्यांनी बरोबर पुरं केलं असेल.

दंडाने माणूस सुधारतो हा बाईंचा शाळेतला अनुभव इथे चालला नाही. मामा दर रविवारी आधी संपवत आणि पैसे देत. भोला लांबूनच विचारायचा, “आज फर्स्ट कौन?” आणि मामा पाकीट वर करून दाखवायचे. कप जिंकलेला खेळाडू असाच दाखवतो. दंड त्यांना बक्षिसासारखा वाटू लागला होता. आम्ही तिघांनी तीन वर्षांत स्वतःच्या पैशांचा एकही चहा प्यायला नाही. मी एकदा पैसे पुढे केले तर मला म्हणाले, “जावईबापू, आधी जिंका, मग खिशात हात घाला.”

गेल्या ऑगस्टात मामांना अर्धांगाचा सौम्य झटका आला. उजव्या हातातून चमचा गळून पडला, तसे ते मामींना हाक मारून, चपला घालून रिक्षात बसलेसुद्धा. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर आलात म्हणून थोडक्यात निभावलं. मामा आम्हाला खाटेवरून म्हणाले, “बघा, माझ्या घाईचं कुणी कौतुक केलं, तेही पैसे घेऊन.” चालणं-बोलणं पहिल्यासारखं झालं, पण उजव्या हाताची बोटं मंद राहिली. व्यायाम म्हणून त्यांना ताटातले राजमे एकेक करून वाटीत टाकायचे असत. ज्या माणसाने ताट कधी पाच मिनिटांच्या वर समोर ठेवलं नाही, तो पाऊण तास त्या राजम्यांशी बसलेला मी पाहिला आहे. त्या वेळी मी “मामा, जरा...” एवढंच म्हणालो, आणि मामांनी माझं वाक्य पुरं केलं नाही.

नोव्हेंबरात ते पार्कात आले. येतानाच मला बाजूला घेऊन म्हणाले, “एक सांगून ठेवतो. मी चुकलो तर हसा. पण माझ्यासाठी कुणी थांबायला लागलं, की मी हे बंद करणार. मी जन्मात कुणाला ताटकळत ठेवलं नाही.”

आम्ही सात नंबर सुरू केला. खालच्या तीन भोकांवरून त्यांच्या उजव्या हाताची बोटं उठायलाच तयार नव्हती. आमचं संपलं तेव्हा मामा निम्म्यावर होते. आम्ही व्हिसली मांडीवर ठेवून बसलो, झाडाकडे बघत. ते शेवटपर्यंत वाजवत गेले, एकटेच, एकही सूर न गाळता. ते एवढे सावकाश वाजवत होते, की तीन वर्षांत मला त्या चालीत कधी ऐकू न आलेले दोन सूर त्या दिवशी ऐकू आले.

“आज फर्स्ट कौन?” भोलाने सवयीने विचारलं.

आधी शिरसाठ बाईंनी संपवलं होतं. त्यांनी पर्स उघडली. “चला, फुकटचा चहा,” मामा म्हणाले. पण अर्धा कप तसाच ठेवून उठले आणि व्हिसल रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली. “ही तुमच्याकडे असू द्या. घरी जागा नाही.” वीतभर नळीला तीन खोल्यांत जागा नव्हती.

ते गेल्यावर भोलाने कप गोळा केले. मग अरोराजी म्हणाले, “इसमें प्रॉब्लेम क्या है? हम उनसे भी धीरे बजाएँगे।”

“त्यांना कळेल,” मी म्हणालो.

“इतक्या वर्षांत दुसरा काय वाजवतो हे त्यांनी कधी ऐकलंय का?” बाईंनी विचारलं. हे बिनतोड होतं.

मग दोन रविवार आम्ही तिघं बाईंच्या घरी खिडक्या लावून हळू वाजवायला शिकलो. हे काम फार कठीण असतं. पळणाऱ्याला दम लागतो हे सगळ्यांना माहीत आहे, रेंगाळणाऱ्याला त्याच्या दुप्पट लागतो हे व्हिसल वाजवल्याशिवाय कळत नाही. एकेक सूर ताणताना माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. अरोराजी घाम पुसत म्हणाले, “बहनजी, इतना धीरे तो हमारी पानिपत की पैसेंजर भी नहीं चलती।”

“ती तरी मध्ये थांबते. आपल्याला थांबायचं नाही,” बाई म्हणाल्या. “थांबलेलं त्यांना चालत नाही.”

मामांना आणायचं काम मामींनी केलं. “जावयांकडे तुमची वस्तू पडून आहे, ती घेऊन या. नुसती आणायचीय,” एवढंच त्या म्हणाल्या. डिसेंबरातल्या त्या पहिल्या रविवारी आम्ही चारला पोचलो, तेव्हा मामा बाकावर बसलेले होते. भोलाने सांगितलं, तीनपासून आहेत. मी रुमाल सोडून व्हिसल त्यांच्या हातात दिली. ती मी बनियनच्या आत ठेवून आणली होती. हातात घेताच मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि चोच तोंडात धरली.

सात नंबर सुरू झाला. मी नजर जमिनीवर ठेवली होती. माझ्या डाव्या कानाला मामांचे सूर येत होते. थबकत, चाचपडत, पण पुढे सरकत. त्यांच्या एक पाऊल मागे राहायचं एवढंच मला करायचं होतं. दुसऱ्या आवर्तनात अरोराजींचा चेहरा ब्लँकेटच्या बॉर्डरसारखा लाल झाला. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. आणि मग, आम्ही शेवटच्या ओळीच्या अलीकडेच असताना, मामांनी शेवटचा सूर लावला, लांबवला आणि व्हिसल खाली ठेवली. आम्ही धापा टाकत मागून पोचलो.

टपरीवरून आवाज आला, “अंकल जी फर्स्ट!”

मामांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. अरोराजी खोकत होते. “काय हे,” मामा म्हणाले, “मी चार महिने आजारी काय पडलो, तुम्ही किती रेंगाळायला लागलात. वयं झाली तुमची.” मग जरा थांबून, ते कधी थांबत नाहीत म्हणून हे मुद्दाम लिहितो, हळू आवाजात म्हणाले, “पुढच्या रविवारी मी थोडं सावकाश घेईन. तुम्हाला गाठता यायला हवं.”

त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. बाई म्हणतात, नाही. मामी नुसत्या हसतात. सात नंबर आता साडेपाच मिनिटांचा झाला आहे, आणि मध्यंतरी घरी एकटा असताना मी तो जुन्या वेगाने वाजवून पाहिला तर मला आला नाही.

त्या दिवशीचे चार चहांचे चाळीस रुपये मामांनी दिले. उजव्या हाताने पाकिटातून दहाच्या चार नोटा एकेक करून काढल्या. याला बराच वेळ लागला. भोला हात पुढे करून उभा राहिला आणि त्यालाही तेव्हा कसली घाई नव्हती.