ठासून भरलेले फुगे

आमचं मासिक नावालाच मासिक होतं. निघायचं तेव्हा निघायचं. महाळुंग्यात एका खोलीत राहणारे आम्ही दोघे, मी लातूरचा, तो नागपूरचा. आठवडाभर आयटीत राबायचो आणि रविवारी कॉमिक्सवर अंक काढायचो. बावधनला झेरॉक्स काढायची, मधोमध दुमडून पिना मारायच्या, ऑफिसच्या कँटीनमध्ये वाटायचा. ‘खलनायकांकडे इतकी माणसं नोकरीला येतात कुठून?’ हा माझा लेख फार गाजला, निदान आमच्या मजल्यावर.

शेवटच्या पानावर आमचं स्वतःचं कॉमिक असे. ताम्हिणी घाटातला महानायक. पावसात केप भिजून जड होते, म्हणून त्याला उडता येत नाही. चित्रं मित्राची, संवाद माझे. संवादाच्या गोलाला आम्ही फुगा म्हणायचो, आणि मी फुगे असे ठासून भरायचो की मागे घाट आहे की भिंत, कळायचं नाही.

एकदा घरमालकीण मावशी पाण्याची टाकी बघायला वर आल्या आणि त्यांनी अंक हातात घेतला.

“ह्यो गडी लई बोलतुया,” त्या म्हणाल्या. “माणूस दरीत लटकलाय आन् ह्यो भाषण देतुया. आधी वर वड की त्याला!”

मित्र पोट धरून हसला. मी फुगलो. मावशी गेल्यावर तो म्हणाला, “खरं सांगू का बे? मीपण कंटाळलोय. पुढच्या अंकात फुगे नको. नाहीतर चित्रं तुझी तू काढ.”

मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. म्हणजे अंक बंद. आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो. शेवटी मी ‘हो’ म्हटलं, कारण अंकाशिवायचा रविवार मला सोसला नसता. बिनशब्दांचं पान सपशेल आपटणार, याची मात्र मला खात्री होती.

नवा अंक मीच मावशींना नेऊन दिला. शेवटचं पान त्या सावकाश बघत गेल्या. ढाब्यावर नायक केप पिळतोय आणि दरीतून वाचलेला माणूस दुसरं टोक धरून त्याला मदत करतोय, तिथं त्या खुदकन हसल्या.

“आत्ता कसा बोलला ह्यो!”

मला राग यायला हवा होता. पण त्या पुन्हा पहिल्या चौकटीपासून बघू लागल्या. आमचं पान कुणी दुसऱ्यांदा वाचतंय, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.