चुकणाऱ्याला एकटं न सोडणारे तांबे भिया

विनायक तांबे यांची आणि माझी पहिली भेट खरं तर भांडणाची व्हायची होती. इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. त्यांच्या गॅरेजमधून रोज संध्याकाळी जो गदारोळ उठायचा, त्याला कंटाळून माझ्या वडिलांनी मला तक्रार करायला पाठवलं. वडील रेल्वेत कारकून, स्वतः कुणाला दुखवायचे नाहीत. लेकीची जीभ तिखट आहे, काम होईल, असा त्यांचा हिशोब. गॅरेजात गळ्यात गिटार अडकवलेले एक उंच गृहस्थ न आलेल्या ड्रमवाल्याच्या नावाने बोटं मोडत उभे होते. मी "सर, आमच्या घरी..." एवढंच म्हणाले, तर ते म्हणाले, "सर मत बोल, भिया बोल. कंप्लेंट बाद में सुनता हूँ, आधी जरा हे वाजवून बघ." मी घरी परतले ती हातात ड्रमच्या काठ्या घेऊन. वडिलांनी कपाळाला हात लावला.

ते भिया, म्हणजे इंदुरी बोलीतले दादा, आता पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. इंदूरच्या मराठी घरांतून शास्त्रीय गायक निघतात, नाटकवाले निघतात. रॉक वाजवणारा निघाला की नातेवाईक विषय बदलतात. भियांच्या नातेवाइकांनी तो जन्मभर बदलला. भिया दिवसभर सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत आणि घरी येऊन, हात धुऊन, स्वतः जोडलेल्या अँप्लिफायरपुढे उभे राहत. तो अँप्लिफायर मधेच कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडायचा आणि आमच्या गाण्यात भावगीत घुसायचं. भिया म्हणायचे, गाऊ द्या, पाहुणा आहे.

त्यांनी शेकडो जणांना शिकवलं. त्यांच्या खोलीचा कायदा मात्र एकच होता: वाजवताना कोणी चुकला, तर बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं. बरोबर असलेल्यांनी बरोबर राहून त्याला उघडा पाडायचा नाही. मी शाळेत गणित शिकवते, मला हे प्रथम अजिबात पटलं नाही. पण माझ्या पहिल्याच कार्यक्रमात, वसाहतीच्या गणपतीत, मी घाबरून मोजणं विसरले आणि गाणं भलत्याच जागी वळवलं. भियांनी मान वर न करता गिटार वळवली, सगळे माझ्या मागे आले. वडील पुढच्या रांगेत होते. घरी जाताना म्हणाले, ते मध्येच वळण घेतलंत ना, ते छान बसवलं होतं.

त्यांचा चांगुलपणाही असाच, न सांगता केलेला. शेजारच्या आजोबांचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा भियांनी घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या आवाज अडवायला गॅरेजच्या भिंतींना ठोकल्या आणि आजोबा हिंडूफिरू लागेपर्यंत आम्हाला अँप्लिफायरला हात लावू दिला नाही. दिवस थंडीचे होते. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी शाल पांघरून बसत आणि आल्यागेल्याला सांगत, "आमच्या गोधड्या गाना सीख रही हैं." आजोबा बरे झाल्यावर स्वतः येऊन म्हणाले, आता जरा मोठ्यानं वाजवा, सुनं वाटतं.

मग हळूहळू खोली रिकामी होत गेली. येणारे एकच सिनेमाचं गाणं शिकायला येऊ लागले, तेही लग्नाच्या संगीतापुरतं. लग्न झालं की गिटार माळ्यावर. लोकांना डीजे पुरत होता. गेल्या वर्षी आम्ही जुनी खोडं तेवढी उरलो, त्यातही बास गिटारवाला खुर्चीत डुलक्या घ्यायचा. मी चिडून म्हणाले की रॉक मेलं, आपण उगाच उशाशी बसलोय. भिया पोहे खात होते. म्हणाले, "मर गया होगा तो तेरहवीं में बुला लेना. तोवर तू ड्रम कस."

पण एके दिवशी तेच म्हणाले की या गणपतीनंतर खोलीला कुलूप. कारखान्याने आणि आम्ही मिळून त्यांचा डावा कान घालवला होता, आता उजवाही डॉक्टरांनी जपायला सांगितला होता. शिवाय शिकायला आहे कोण? त्यांचा आवाज इतका साधा होता की मला रडू आलं. मी रडले.

त्याच आठवड्यात पूनम नावाची एक मुलगी आली. सांवेरहून बसने, सोयाबीनच्या बारदानात गुंडाळलेली गिटार घेऊन, बरोबर दोन चुलतभाऊ. तिने स्वतःचं गाणं म्हटलं, माळवी बोलीत, वेळी-अवेळी येणाऱ्या विजेबद्दल आणि ती आली की पंप लावायला शेतात धावणाऱ्या बापाबद्दल. गिटार अशी की पत्रे थरथरावेत. मी नाक मुरडलं. माळवीत कुठे रॉक असतं का? भिया उजवा कान स्पीकरला लावून बसले होते. गाणं संपलं. मग म्हणाले, "मीना, मी आयुष्यभर जे वाजवलं ते दुसऱ्याचं होतं. ये इसका खुद का है." त्यांनी तिला दुसरं काहीच शिकवलं नाही, फक्त खोलीचा कायदा सांगितला.

गणपतीत पूनमच्या गाण्यात भिया गिटारवर होते, मी ड्रमवर. हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती धृपद गात होती आणि भिया, कान दगा देऊन, थेट अंतऱ्यात शिरले. ठामपणे, मोठ्यानं, चुकीच्या जागी. इतकी वर्षं कायदा पाळलेले माझे हात अडखळले. पूनमचा आवाज अडखळला नाही. तिने ओळ अर्ध्यावर सोडली आणि भिया होते तिथे जाऊन उभी राहिली. भाऊ तिच्या पाठोपाठ, मग मीही. लोकांना काही कळलं नाही, टाळ्या पडत राहिल्या.

खाली उतरल्यावर भियांनी विचारलं, मैं गलत था क्या? पूनम बारदान गुंडाळत, नकारार्थी मान हलवत म्हणाली, "नी भिया. आज गाना उधर से ही था." भिया चष्मा पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी मी जड मनाने गॅरेजवर गेले, तर दार सताड उघडं आणि वहिनी कुरकुरत भिंतींना गोधड्या ठोकत होत्या. भियांच्या उजव्या कानाची सोय चालली होती. पूनम बसने येणार होती.

रॉकचं पुढे काय होईल, हे मला विचारू नका. माझं भाकीत एकदा चुकलंच आहे. मागणं एवढंच की भियांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, उजवा कान शाबूत राहो, आणि अजून पुष्कळ वर्षं ते असेच ठामपणे, मोठ्यानं चुकोत. आम्ही मागे आहोतच.