विदाला नापास व्हायचं होतं

तिचं पूर्ण नाव विदोसावा. आमच्या सर्बियन बोलीत त्या नावात 'दृष्टी' आहे, आणि ती जन्मांध. "आईबापांनी नावात घातली, डोळ्यांत घालायची राहून गेली," असं ती स्वतःच म्हणायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला म्हणायची सोय उरत नसे.

झ्रेन्यानिन शहरातल्या एका कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. कारखाना बुडाला तेव्हा रोजगार कार्यालयाने तिला ब्रश बांधायचं काम सुचवलं. काम वाईट नव्हतं. पण आंधळं माणूस म्हटलं की ब्रश, हे तिला सोसेना. तिने प्रोग्रामिंगचा वर्ग मागितला आणि मिळेपर्यंत तिथून हलली नाही. माझी बियाण्यांच्या दुकानातली नोकरी नुकतीच गेली होती, म्हणून मीही त्याच वर्गात होते, तिच्या शेजारच्या खुर्चीवर.

शिकवायला ओग्न्येन नावाचा तरुण होता. मनाने चांगला. पहिल्याच दिवशी तो विदाजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, मी सगळं पडद्यावर दाखवून शिकवतो. तुम्हाला फार त्रास होईल."

"मावशी नको, विदा म्हणा. आणि त्रास मला होणार ना? मग तुम्ही कशाला घाबरता?"

तो पडद्याकडे बोट करून म्हणे, हे चिन्ह इथे येतं. विदा विचारी, इथे म्हणजे कुठे? कुठलं चिन्ह? मागे बसणारा तिहोमिर, जुना बसड्रायव्हर, हिच्यापायी वर्ग रखडतो म्हणून कुरकुरायचा. त्यावर ती म्हणाली, तुमच्या बसमध्ये मी चढायचे तेव्हाही तुम्ही असेच कुरकुरायचात. तिहोमिरसकट सगळे हसले.

तिचा संगणक पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवायचा. पण 'जर असं असेल तर' अशी ओळ लिहिली, की शेवटी अपूर्णविराम द्यायचा आणि खालच्या ओळी थोड्या आत सरकवून लिहायच्या, ही त्या भाषेची रीत. आतली ती मोकळी जागा संगणक वाचेना. तिचा प्रत्येक प्रोग्राम चूक दाखवून थांबायचा. मी म्हटलं, मी बघून सांगते ना. "जागोदा, तू काय माझ्या घरी राहायला येणार आहेस?" असं म्हणून तिने माझा हात बाजूला केला. आठवडाभर ती त्याच चुकीशी झुंजली. अखेर एक सोय सापडली: ओळ जितकी आत, तितका उंच सूर संगणक वाजवतो. जन्मभर टेलिफोनचे सूर ओळखलेली बाई ती. त्या दिवशी तिने वर्गातल्या सगळ्यांना चीज भरलेला गरम बुरेक खाऊ घातला, तिहोमिरलाही.

परीक्षेत एक छोटा प्रोग्राम न चालवता नुसता लिहून द्यायचा होता: प्रवासी विद्यार्थी आहे का ते विचारायचं आणि तिकीट फुकट की नाही ते सांगायचं. आम्ही सगळे पास झालो. विदाही.

घरी तिने तोच प्रोग्राम आठवून पुन्हा लिहिला आणि चालवला. तो चालला नाही. दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारायला बरोबरची दोन चिन्हं लागतात. एकाचा अर्थ नुसता 'यात हे ठेव' असा. तिने एकच दिलं होतं. म्हणजे ओग्न्येनने तिचं उत्तर चालवून पाहिलंच नव्हतं.

सोमवारी तिने प्रमाणपत्र त्याच्या टेबलावर ठेवलं.

"मला नापास करा."

तो गोंधळला. म्हणाला, एका चिन्हाची तर चूक, आणि तुमचे कष्ट मी पाहिलेत.

"तिहोमिरने हीच चूक केली असती तर?"

"त्याला नापास केलं असतं," तो पुटपुटला.

"मग मलाही तीच शिक्षा. तुमची दया मला कुठल्या नोकरीच्या दारात दाखवता येईल, सांगा."

ओग्न्येनचे कान लाल झाले. त्याने तिला नापास केलं. मला तिचा रागच आला. हाती आलेलं कुणी परत करतं का, असं मी तिला रस्ताभर ऐकवलं. ती काठी टेकत चालत राहिली.

वसंतात ती पुन्हा परीक्षेला बसली. या वेळी ओग्न्येनने तिच्यासमोर प्रोग्राम चालवला, शेरे मोठ्याने वाचून दाखवले आणि एका जागी गुण कापले तेही कारण सांगून. ती पास झाली, फार वरच्या गुणांनी नाही.

नोकरी लगेच मिळाली नाही. दोन कार्यालयांनी तिला पाहून दार लावून घेतलं. तिसऱ्याने, पाणीपुरवठ्याच्या तक्रारींची वर्गवारी करणारा प्रोग्राम लिहायला, तिला अर्धवेळ घेतलं. साहेबाने पहिल्या दिवशी तिला खिडकीजवळची शांत खोली देऊ केली. तिने ती नाकारली, आणि सगळे बसतात त्या मधल्या गजबजाटात आपलं टेबल मांडून घेतलं.