चार पदं भरलेली

नगरपालिकेतल्या कारकून बाबूंना सगळे ‘अख्खं ऑफिस’ म्हणत. थट्टेनं म्हणत, पण त्यात खोटं काही नव्हतं. इंजिनियर निवृत्त झाले, आरोग्य निरीक्षकांची बदली झाली, पाणीपुरवठ्याचे ओव्हरसियर वारले, नियोजनवाल्या मॅडमनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. फाईल मात्र चारही टेबलांवर फिरल्याशिवाय वर जात नसे. मग बाबूच तिला फिरवत.

स्वतःच्या खुर्चीत बसून इंजिनियरचा शेरा लिहायला त्यांचा हात धजेना. म्हणून ते उठून इंजिनियरच्या खुर्चीत बसत. तिथे अक्षर आपोआप तिरकं व्हायचं. आरोग्याच्या टेबलाशी उगाच चिडचिड व्हायची. एकदा ओव्हरसियर म्हणून त्यांनी स्वतःच्याच टिपणीवर हरकत घेतली. फाईल महिनाभर अडली. बाबूंनी दोन स्मरणपत्रं पाठवली.

त्या वर्षी वरच्या वस्तीला नळ द्यायचा निधी निघाला. नगरपालिकेला काम झेपेल का, हे बघायला एक तपासनीस बाई येणार होत्या. शंभरात साठ गुण पडले तरच नळ. वरच्या वस्तीत बाबूंची धाकटी बहीण राहायची. गुडघे गेलेले, तरी रोज दोन कॅन घेऊन चढण चढायची. दर रविवारी बाबू तिच्याकडे जेवायला गेले की ऐकवायची, एवढ्या मोठ्या ऑफिसला एक नळ जमत नाही होय रे, अण्णा? बाबू मान खाली घालून जेवायचे.

बाई आल्या. हातात तक्ता. इंजिनियर कुठे आहेत, म्हणाल्या. बाबू उठले आणि त्या खुर्चीत बसले. चढाचा हिशेब, पाइपची जाडी, पंपाचा दाब, सगळं बिनचूक सांगितलं. आवाज घोगरा झाला होता. बाईंचं पेन थांबलं. ओव्हरसियरच्या टेबलाकडे जाताना बाबू डावा पाय ओढत गेले. बाबूंचे पाय धडधाकट होते.

चौथं टेबल झालं तेव्हा बाईंच्या कपाळावर घाम होता. तरी त्यांनी विचारलं, बाबूंचं काम काय असतं?

ते बाबूंच्या खुर्चीत जाऊन बसले. वाट पाहिली. काहीच आलं नाही. ना अक्षर, ना आवाज.

“इथे कोण बसतं?” बाईंनी हळूच विचारलं.

“कल्पना नाही. माझं टेबल पलीकडे आहे.”

भीतीनं असेल किंवा दयेनं, बाईंनी तक्त्यात लिहिलं: चार पदं भरलेली, एक रिक्त. गुण बासष्ट.

निधी आला. रिक्त पदावर नवा बाबूही आला. भला माणूस. तो टेबलावर फाईल ठेवायचा, सही झाली की उचलायचा, आणि सहसा मान वर करायचा नाही.

पाणी सुटलं त्या दुपारी एक बाई लंगडत आत आली. नव्या बाबूला ओलांडून सरळ इंजिनियरच्या टेबलाशी गेली. हसत होती आणि डोळे पुसत होती.

“अण्णा, आला रे नळ. आता तरी घरी ये. किती रविवार ताट झाकून ठेवू?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. तक्रार असणार.

“दाब कमी येतोय का?” ते म्हणाले. “मग ओव्हरसियरना सांगा, बाई. बसा, येतीलच ते.”

आणि ते खुर्चीतून उठू लागले.