आधी सलामी

इथे परदेशात, स्कोफिल्ड्स उपनगरात आमच्या शेजारी राहणारा हा पुणेकर आठवडाभर पॅरामॅटाच्या ऑफिसात कोडिंग करतो आणि शनिवारी बॅकयार्डात लाकडी तलवार फिरवतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने विस्मरणात गेलेली जुनी तलवारबाजी पुन्हा सुरू केली. त्याचं पुस्तक याला तोंडपाठ आहे. "आधी सलामी, मग वार," हे याचं पालुपद.

सप्टेंबरात, म्हणजे इथल्या वसंतात, घरटं राखणारा एक मॅगपाय पक्षी थेट याच्या टकलावर झेपावला. हा ताठ उभा राहिला आणि तलवारीची मूठ हनुवटीपाशी नेऊन शिस्तीत सलामी देऊ लागला. तेवढ्यात चोच बसलीच.

"अरे, तलवार चालवायचीस ना!" मी कुंपणावरून ओरडले.

"त्याने सलामी कुठे दिली होती?" टक्कल चोळत तो म्हणाला. "लढाई सुरूच झाली नव्हती."